सात नंबरची पाचर

काका माणसं मोजायचे. दुकानात कुणी शिरलं की आधी नजरेने, आणि नजरेने समाधान झालं नाही तर खिशातली टेप काढून. मखमलाबादहून भाजी घेऊन बुधवारच्या बाजाराला येणारी एक मावशी होती. बाजार उरकला की रिकामी पाटी कमरेवर घेऊन ती आमच्याकडे डोकावायची. पहिल्याच दिवशी काकांनी तिला दारात थांबवलं आणि पाटीसकट मोजलं.

"आता माझं काय झबलं शिवता का काय, बाबा?" मावशी म्हणाली.

"झबलं नाही, रस्ता. मावशी, पाटी उजव्या कमरेवर घेता का डाव्या?"

"जी मोकळी असंल ती."

काकांनी हे वहीत लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी दुकानातली प्रत्येक वाट पाटीएवढी रुंद झालेली होती, आणि मंडळाच्या बायका आपापल्या पर्स कुठल्या रॅकमागे गेल्या ते शोधत होत्या.

हे दुकान म्हणजे द्वारका नावाच्या चौकातून आत वळल्यावर लागणारं एक लांबट शेड. एक महिला मंडळ ते चालवायचं, अजून चालवतं. लोक घरातले वापरलेले कपडे, भांडी, पुस्तकं, छत्र्या आणून द्यायचे. आम्ही ते धुऊन, दुरुस्त करून अगदी थोड्या किमतीला विकायचो आणि आलेला पैसा खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींच्या वसतिगृहाला जायचा. फुकट का देत नाही, असं कुणी विचारलं की अध्यक्षबाई म्हणायच्या, "फुकट दिलं की घेणारा निवडत नाही. त्याला निवडू द्यायचं." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांना ते पटलेलंही होतं.

मी तिथे मॅनेजर होतो. म्हणजे कुलूप उघडायचं, झाडायचं, चिठ्ठ्या चिकटवायच्या, पावती फाडायची. डिप्लोमा अर्धवट सोडून मी या नोकरीत शिरलो तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नोकरी तात्पुरती होती, आणि पुढची सात-आठ वर्षं ती तात्पुरतीच राहिली. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येतो.

काका पहिल्यांदा आले ते द्यायला. दोन पिशव्यांत साड्या होत्या, इस्त्री केलेल्या, प्रत्येकीच्या घडीत डांबराची गोळी. "पत्नीच्या," एवढंच म्हणाले, आणि पावतीसुद्धा न घेता गेले. साड्या चांगल्या होत्या. मंडळाच्या बायकांनी त्या सगळ्याच्या सगळ्या दारासमोरच्या पहिल्या दांडीवर ओळीने लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढत होतो तर काका मागे उभे. काहीतरी विसरलं असेल म्हणून आले असतील, असं मला वाटलं. दार उघडलं आणि ते दारातच थांबले.

"हे असं कुणी लावलं?"

"बायकांनी. पुढे चांगल्या दिसतात."

"दिसतात ना. तीच अडचण आहे." त्यांनी एका साडीचा पदर सरळ केला. "मी हलवू का?"

माझी हरकत असायचं कारण नव्हतं. मला आयतं काम करणारा माणूस मिळाला होता. दुपारपर्यंत काका एकेक साडी उचलून नेत होते. एक चादरींच्या गठ्ठ्याशेजारी, एक पुस्तकांच्या कपाटाच्या दाराला, एक लहान मुलांच्या स्वेटरांच्या मध्ये. शेवटी दुकानात त्यातली एकही साडी दुसरीला दिसत नव्हती. मग त्यांनी हात झटकले.

"मॅनेजर, एक नियम लिहून ठेवा. एका माणसाला एका दांडीवर टांगायचं नाही."

मी किमतीच्या चिठ्ठीवर ते लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मला वाटलं, म्हातारा आता परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते आले ते टेप, खडू आणि वही घेऊन, आणि मग येतच राहिले.

काकांचं सगळं आयुष्य एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये गेलं होतं. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात, हे डोळे मिटून सांगायचे म्हणे. अशा माणसाने आमच्याकडे येऊन सगळं शिस्तीत कायमचं लावून टाकावं, अशी आमची अपेक्षा. काकांनी सगळ्याला चाकं लावली.

"तीस वर्षं वस्तू जिथल्या तिथे राहतील एवढंच बघितलं," ते म्हणाले. "आता पुरे."

चाकं लावायचं काम रफिकभाईकडे होतं. द्वारकेजवळच त्याचं वेल्डिंगचं दुकान. काका भंगारातून दवाखान्यातल्या मोडक्या ट्रॉल्या, सलाईनचे स्टँड, लोखंडी खाटांच्या बाजू असं काय काय उचलून त्याच्यापुढे ठेवायचे.

"साहब, कपड्याला चाक कशाला? कपडा पळून जाणार हाय का?"

"कपडा नाही रफिकभाई. दुकान पळवायचंय."

"पोलिस आले तर माझं नाव नको," रफिकभाई म्हणायचा आणि चष्मा डोळ्यांवर ओढायचा.

असे नऊ रॅक झाले. प्रत्येकाला खालून चार चाकं, वर दांडी, एका बाजूला जुन्या दाराची फळी किंवा पडदा. प्रत्येकावर तेलरंगाने नंबर. भंगारातल्या चाकांचे ब्रेक झिजलेले असायचे, आणि आमच्या फरशीला उतार होता. पूर्वी त्या शेडमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरायचे, फरशी धुता यावी म्हणून ती मागच्या मोरीकडे उतरती केलेली. दारात लिंबू ठेवलं तर ते सावकाश मोरीपर्यंत जाऊन थांबायचं. म्हणून काकांनी प्रत्येक रॅकसाठी बाभळीची एक पाचर तासली. पाचरीवरही रॅकचा नंबर. ती उताराच्या बाजूच्या चाकाखाली सारायची आणि सुतळीने रॅकच्या पायाला बांधायची.

"आधी पाचर, मग गाठ," हे त्यांनी मला शिकवलं. "पाचर ठोकर लागून निघते. गाठ माणसाने सोडल्याशिवाय सुटत नाही."

सात नंबरचा रॅक सगळ्यांत वजनदार. त्यावर स्वेटर, कोट, घोंगड्या.

सोमवारी सकाळी दुकान बंद असायचं आणि काका मांडणी बदलायचे. घरून एक ताट आणायचे. ताटात नऊ काडेपेट्या, प्रत्येकीवर नंबर. रविवारभर त्या सरकवून बघितलेल्या असायच्या. मग फरशीवर खडूने खुणा आणि आम्ही दोघे पाचरी काढून रॅक ढकलायचो. दिवाळीच्या आधी लोक घरं साफ करायचे आणि भांड्यांचा ढीग यायचा, तेव्हा कपडे भिंतीकडे आणि भांडी मधोमध. मे संपता संपता रेनकोट आणि छत्र्या दाराशी, कारण इगतपुरीची माणसं रेल्वेने खास त्यासाठी यायची. "त्यांच्याकडे पाऊस आधी पोचतो, आपण त्याच्याही आधी पोचायचं," काका म्हणायचे. शाळा उघडताना गणवेश पुढे, पण आरसा नेहमी मागे, रस्त्यावरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात.

दर मंगळवारी मी स्वतःच्या दुकानात चुकायचो. गिऱ्हाईकं तक्रार करायची.

"बाबा, मागल्या टायमाला हितं साड्या व्हत्या. आता पातेली कशी?" मावशी विचारायची.

"साड्या शोधता शोधता पातेलं सापडलं की नाही?"

"सापडलं. पन मला नको हाय ते."

"मग पुढे चला."

मावशी पुढे जायची आणि कधी पातेलं घेऊनच निघायची. वाट सरळ असली की माणूस सरळ बाहेर जातो, असं काकांचं मत. पण खरं कारण ते नव्हतं, हे मला एका गुरुवारी कळलं.

त्या दिवशी एका शाळेतले मास्तर आले होते. मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि मास्तरांना कोट हवा होता. आडोशाला ते कोट घालून बघत होते, तेवढ्यात दारात एक व्यापारी आले. हातात द्यायच्या कपड्यांची पिशवी. त्यांचा मुलगा मास्तरांच्याच वर्गात होता.

"मॅनेजर," काका हळूच म्हणाले, "चार आणि पाच."

मी चार नंबर ढकलला, काकांनी पाच. दोन्ही एकमेकांना भिडले आणि मास्तर भिंतीत गेल्यासारखे दिसेनासे झाले.

"हे काय काका? दुकान चालायला लागलं?" व्यापारी हसले.

"सोमवारची तयारी."

"आज गुरुवार आहे."

"म्हणूनच. उशीर नको व्हायला."

व्यापारी दहा मिनिटं बसले. वसतिगृहाबद्दल चांगलं बोलले, दान देणाऱ्याला कसं बरं वाटतं ते सांगितलं, चहा घेतला. भिंतीतून एकदा शिंक ऐकू आली. काकांनी आपलंच नाक पुसलं. व्यापारी गेल्यावर आम्ही रॅक बाजूला केले. मास्तर कोट घालून, घामाघूम उभे.

"खांद्यात बरोबर बसलाय," काका म्हणाले. एवढंच.

तो कोट गेल्या वर्षी कुणी आणून दिला होता ते मला आठवत होतं. काकांनाही आठवत असणार. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. दुकानातला कपडा रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसला तर ओळखायचा नाही, हा काकांचा दुसरा नियम होता.

काका सोबतीला सोपे नव्हते. दुकानातल्या कपातून चहा प्यायचे नाहीत, कारण कप विकायचा असतो. मंडळाने एकदा 'गरजूंसाठी' अशी पाटी लावली, तर काकांनी ती सतरंज्यांखाली ठेवली आणि विचारल्यावर "ठेवलीय की जपून" म्हणाले. माझ्या अक्षरावर त्यांचा फार राग. माझं टेबल लंगडं होतं, लिहिताना डुगडुगायचं, आणि किमतीच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे भूकंपात लिहिल्यासारखे यायचे. "मॅनेजर, अक्षर थरथरतंय. गिऱ्हाईकाला वाटेल तुम्ही घाबरून किंमत सांगताय." मी मनात चरफडायचो. बारा महिने कुणाचा तरी मदतनीस असल्यासारखं वाटायचं, आणि पगारी माणूस तर मी होतो.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी मंडळाला एक देणगीदार भेटले. मोठे कारखानदार होते. दुकान बघून पटलं तर पुढचा सगळा भाग नवा करून देतो म्हणाले. अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. "पाहुणे खूश झाले की तुमचंही कायमचं करून टाकू. बैठकीत विषय घेतलाय मी." माझं लग्न झालेलं होतं, मुलगी दोन वर्षांची. घरी जाऊन मी ही बातमी सांगितली तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी स्वागताचा फलक लिहायला बसलो. पुठ्ठा मोठा, टेबल डुगडुगणारं. 'स्वा'चा काना वाकडा गेला. काका मागून जाताना म्हणाले, "थरथरतंय." दुसरा पुठ्ठा घेतला, तोही बिघडला. पाहुणे तासाभरात येणार होते. मी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली, ती दबली. मग माझ्या हाताशी, दोन पावलांवर, सात नंबर उभा होता.

पाच मिनिटांसाठी, असं मी मनाशी म्हणालो. गाठ पक्की होती, नखाने सुटेना. मी ती दाताने सोडली. पाचर टेबलाखाली अशी बसली जणू तिथल्यासाठीच तासलेली. अक्षर सुरेख आलं. फलक दारात टेकवला, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हार आणायला पाठवलं आणि मी गेलो. आलो तेव्हा पाहुणे गाडीतून उतरत होते. पाचर माझ्या डोक्यातून गेली होती. निदान आजवर मी स्वतःला असंच सांगत आलो आहे. खरं म्हणजे हार घेऊन आत येताना टेबलाचा पाय मला दिसला होता. माणसं दारात होती. त्यांच्यासमोर गुडघे टेकून टेबलाखाली शिरायची मला लाज वाटली.

काका त्या दिवशी रंगात होते. चार नंबर ढकलून त्यांनी पाहुण्यांना दाखवलं की कपड्यांचं दुकान भांड्यांचं कसं होतं, खोली कशी होते, गल्ली कशी होते. पाहुणे "वा, वा" म्हणत होते. अध्यक्षबाई उताराच्या तळाशी, कपबशांच्या मांडणीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कुणाला तरी वसतिगृहाची माहिती देत होत्या. काय लागलं ते कळलं नाही, कुणाचा तरी धक्का असेल, सात नंबर निघाला.

तो धावला नाही. चालत आला. एखादा वडीलधारा माणूस लग्नाच्या मांडवात येतो तसा, सगळे कोट हलवत. आणि सगळ्यांना वाटलं, हेही प्रात्यक्षिकातलंच. माणसं कौतुकाने बाजूला झाली, त्याला वाट करून दिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काका दुसऱ्या टोकाला, चार नंबरच्या मागे होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसत होतं. मी त्याच्यापासून सहा-सात पावलांवर होतो. हात पुढे केला असता तर थांबला असता. पण हात पुढे केला असता तर तो थांबवायचा होता हे कळलं असतं, आणि मग का सुटला हेही. मी उभा राहिलो. टाळ्यांमध्ये माझीही एक टाळी होती, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कपबशांचा आवाज झाला. चाक अध्यक्षबाईंच्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं. अंगठा मोडला.

धावपळ झाली, बाईंना रिक्षात घातलं. मग काका सात नंबरपाशी उकिडवे बसले. सुतळी लोंबत होती. तुटलेल्या सुतळीचं टोक पिंजारलेलं असतं. हे टोक धड होतं, गाठीचा वळसा त्यात तसाच होता. काकांनी ते बोटांत धरून बघितलं. मग मान वळवली, माझ्या टेबलाकडे. मग खाली, टेबलाच्या पायाकडे. मग दारातल्या फलकाकडे. मी हारातली एक शेवंती कुस्करत होतो.

"अक्षर छान आलंय, मॅनेजर," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मंडळाची बैठक झाली. मला कोपऱ्यात बसवलं होतं. पाचर कुणी बांधली नव्हती, असा प्रश्न निघाला. काका उठले. "पाचरी बघणं माझं काम. चूक माझी." कुणीतरी हळहळलं, कुणीतरी म्हणालं, वय झालंय, एवढी ढकलाढकली झेपायची कशी. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी बोलायचं ठरवलं होतं की नाही, ते आता सांगून काय उपयोग. मी बोललो नाही.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. घरी पुन्हा साखर.

देणगीदारांनी शब्द पाळला. पुढे काच आली. रॅक फरशीत बोल्ट मारून पक्के केले, साइजप्रमाणे पाट्या लागल्या, पुरुष, स्त्रिया, मुलं. चाकं काढायला रफिकभाईलाच बोलावलं. त्याने नऊ रॅकची छत्तीस चाकं पोत्यात भरली. "साहबने पाय लावले, तू कापले," तो मला म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं, त्याची बोलायची पद्धतच तशी. तरी मी दोन दिवस जेवलो नाही.

दुकान फार छान दिसायला लागलं. आता रस्त्यावरून सगळं दिसायचं. मावशी एका बुधवारी काचेपाशी आली, आत आली नाही. मी बाहेर गेलो.

"या की मावशी. साड्या आता एकाच जागी आहेत. शोधायला नको."

"त्ये हाय. पन समोरच्या दुकानात माझी सून कामाला हाय ना." तिने पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "बाबा नाय का आता?"

"नाही येत."

"मंग लय गल्ल्या बंद झाल्या म्हना."

काका काम करायला येत नव्हते, पण यायचे. दर सोमवारी, आता सोमवारी दुकान उघडं असायचं तेव्हा, गिऱ्हाईक म्हणून. दारातून शिरून ते चालायला लागायचे आणि जिथे पूर्वी वळण होतं तिथे वळायचे. तिथे आता रॅक असायचा. मग थांबून, रॅकला "माफ करा" म्हणून, वळसा घालून जायचे. बघणारा हसायचा. मलाही हसू यायचं, आणि मग यायचं थांबायचं. एखादा चमचा, एखादं जुनं पुस्तक घेऊन ते माझ्या टेबलाशी यायचे. दोन बोटं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दाबायचे.

"हलत नाही ना?"

"नाही."

"छान."

आमचं बोलणं एवढंच. चार वर्षं, दर सोमवारी. ते रागावून विचारत असते तर मी कधीतरी फुटलो असतो. पण त्यांच्या आवाजात खरंच चौकशी असायची, आपण केलेली वस्तू नीट काम देते की नाही एवढीच. ती पाचर काढून टाकायचं मी कैकदा ठरवलं. पण काढली तर सोमवारी काकांना उत्तर काय देऊ, म्हणून राहू दिली.

मग एका सोमवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांची मुलगी आली, पुण्याला असते ती. तिच्याकडे तीन पिशव्या होत्या. "बाबांनी सांगितलं होतं, इथेच द्यायचे." प्रत्येक घडीत डांबराची गोळी होती.

मी पावती केली. तिने घेतली. काही सांगावं का, असं मला वाटलं. तिला गाडी गाठायची होती.

शर्ट अकरा. सगळे एकाच शिंप्याने शिवलेले, पांढरे किंवा फिकट निळे, सगळे चाळीस नंबर. आमच्या पद्धतीत चाळीस नंबरची एक दांडी आहे. हाताला सवय झालेली, मी ते तिथे लावून टाकले. लावून झाल्यावर मागे सरकून बघितलं.

खांद्याला खांदा लावून काका अकरा वेळा उभे होते. दारासमोर. काचेतून रस्त्यावरून दिसत होते.

पाऊणशे पावलांचं काम होतं ते. रॅक हलत नव्हते, म्हणून मीच हललो. एक शर्ट छत्तीस नंबरमध्ये, एक पडद्यांच्या मागे, एक पुस्तकांच्या कपाटाच्या दाराला, एक लहान मुलांच्या स्वेटरांत. शेवटी एकही शर्ट दुसऱ्याला दिसत नव्हता. एकेका शर्टाबरोबर मला वाटत होतं की आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त पाय दुखले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या. आता थकल्या आहेत, पण येतात.

"अहो, हे काय? लहान मुलांच्यात मोठ्या माणसाचा शर्ट?"

"मी टांगला."

"चुकून?"

"नाही." मी खाली वाकलो. एवढ्या वर्षांत पाचर फरशीला चिकटली होती, उलथन्याने काढावी लागली. टेबलावर ठेवली. सातचा आकडा अजून दिसत होता. "ही त्या दिवशी मी काढली होती. फलक लिहायला. गाठ मी सोडली. काकांची चूक नव्हती."

बाईंनी चष्मा लावला. पाचर उलटसुलट करून बघितली.

"कुठल्या दिवशी?"

मी सांगितलं. पाहुणे, कोट, कपबशा, त्यांचा अंगठा.

"अगंबाई, तो होय? तो तर कधीच बरा झाला. पावसाळ्यात जरा ठणकतो." त्या हसल्या. "एवढं मनाला लावून घेतलंत? तेव्हा सांगितलं असतंत तरी काय, आम्ही रॅक पक्केच केले असते. पाहुण्यांची तीच अट होती. काकांना ते बैठकीच्या आधीच सांगितलं होतं मी."

म्हणजे बैठकीत उभं राहून "चूक माझी" म्हणताना, दुकान आपल्या हातातून जाणारच आहे हे काकांना माहीत होतं. वाचवण्यासारखं एकच काही उरलं होतं, आणि ते मी होतो.

"हौशी माणूस होता," बाई म्हणाल्या. पावतीवर सही करायला त्यांनी टेबलावर हात टेकला, टेबल कलंडलं, सही फरफटली. "हे बघा. ती लावा बरं परत तिथेच. टेबल हलतंय."

मी हो म्हणालो. लावली नाही. ड्रॉवरमध्ये, काकांच्या नियमाच्या चिठ्ठीवर, ती ठेवून दिली आहे.

शर्ट हळूहळू गेले. कोण घेऊन गेलं ते मी बघितलं नाही, आणि रस्त्यात एखादा दिसलाच तर ओळखत नाही. चिठ्ठ्यांवरचे आकडे पुन्हा थरथरतात. लोक म्हणतात, अहो, पायाखाली कागदाची घडी घाला. मी म्हणतो, असू द्या. आणि दर सोमवारी दुकान उघडलं की झाडायच्या आधी टेबलाच्या कोपऱ्यावर दोन बोटं ठेवून बघतो.

हलतं.